उपाशीपोटी

पावणेसहाला गाडी काढतो.
डिकीत बर्फाचा डबा, लाल टोपणाच्या नळ्या, जांभळ्या टोपणाच्या,
आणि पद्मावतीपासून बिबवेवाडीपर्यंत
माझ्या यादीतल्या कुणीच अजून चहा घेतलेला नसतो.

मला घरं कळतात ती फ्रीजवरून.
वर कोण कोण बसलंय ते बघायचं:
हॉस्पिटलच्या चकचकीत पट्ट्या, कात्रीने कापलेल्या,
त्यांना टेकून आसवाची बाटली,
साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची कुपी,
आणि गावाहून आलेली, नाव नसलेली एक पुडी.
सगळी चाळीतल्यासारखी, भिंतीला भिंत लावून,
एकमेकांकडे काय शिजतंय ते न विचारता.

टिळेकर बाईंची शीर पळते.
केमोनंतर तर सुतळीच झालीय तिची.
मी अंगठ्याच्या मुळाशी चाचपत बसतो,
त्या कॅलेंडरकडे बघत विचारतात,
"नवनाथ, तुझं ठरलं का रे कुठे?"
सुई आत जाते तेव्हा उत्तर ऐकत नाहीत.

फॉर्मवर एक रकाना असतो: सध्या चालू औषधे.
बाई चार नावं लिहितात.
स्वयंपाकघरातून कडू वाफ येत असते,
पाचवं नाव गॅसवर आटत असतं.

"ते कशाला लिहायचं? झाडपाला तो.
डॉक्टर ओरडतील उगाच."
आणि वैद्यांना सांगितलंय का, सलाईन चालू आहे ते?
"त्यांना वाईट वाटेल ना."

मागच्या खेपेला लिव्हरचा आकडा तिप्पट आला होता.
काढ्यानं की केमोनं, मला कळत नाही.
मी रक्त नेणारा माणूस,
रक्तात काय लिहिलंय ते वाचायची नोकरी दुसऱ्याची.

माझ्या बापाची कावीळ एकानं उतरवली होती, भोरच्या पुढे.
चुन्याच्या पाण्यात हात धुतले आणि पाणी पिवळंजर्द झालं,
आम्ही सगळ्या भावंडांनी डोळ्यांनी बघितलं.
केवढं बरं वाटलं.
अकरा दिवस बरं वाटलं.

हे मी बाईंना सांगितलं नाही.
त्या दिवशी फक्त पेन पुढे धरलं
आणि बॅग उचलली नाही.
तीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं लिहिलेली बाई
म्हणाली, "तूच लिही. माझं अक्षर बरं नाही आता."
रकाना भरलेला होता.
मी समासात लिहिलं, उभं:
गुळवेलीचा काढा, अर्धी वाटी, दोन वेळा.

डॉक्टर ओरडले नाहीत.
त्यांनी वैद्यांचा नंबर मागितला.
फोनवर दोघं काय बोलले कुणास ठाऊक,
सून म्हणते, ओरडले ते वैद्यच:
"माझ्यापासून केमो लपवलंत?"

आता गॅसवर फक्त दूध असतं.
आणि पलंगापाशी एक काशाची वाटी.
बाईंच्या तळव्यांना मुंग्या येतात,
चप्पल पायातून सुटली तरी कळत नाही.
सून तेल लावून वाटी घासते, तळवा काळवंडतो,
डॉक्टर म्हणाले, घासा, फक्त कातडं जपा.

"जातात का मुंग्या त्यानं?"
"कुठल्या जातायत," बाई म्हणाल्या.
"पण ती बसते अर्धा तास. एरवी बसली नसती."
सून आतून म्हणाली, "ऐकू येतंय मला."

आज शीर दोनदा फसली.
तिसऱ्यांदा मनगटाच्या आत, निळसर, केसाएवढी.
बाईंनी पहिल्यांदाच नळीकडे बघितलं,
म्हणाल्या, "लालच आहे की अजून."

आकडा उतरला का ते संध्याकाळी कळेल,
त्यांना, मला नाही.
सात दहाला सहकारनगरला एक आजोबा उपाशी बसलेत.
त्यांच्याकडे फ्रीज नाही.
खिडकीत भिजवलेली मेथी आणि साखरेच्या गोळीची पट्टी,
दोन्ही एकाच ताटलीखाली झाकलेली असतात.
जिना उतरताना नळी माझ्या मुठीत होती,
डब्यात ठेवेपर्यंत कोमट.